बाईंचा विसराळूपणा: उतारवयातल्या नैराश्याचं एक प्रकरण

उतारवयातलं नैराश्य अनेकदा डोळ्यांसमोर असूनही ओळखलं जात नाही, कारण प्रत्येक लक्षणाला पटेल असं कारण घरच्यांना आधीच सापडलेलं असतं. जोडीदार गेला, वय झालं, घर बदललं, ऐकू कमी येतं. यातली प्रत्येक गोष्ट खरी असते आणि खरी असते म्हणूनच पुढे कोणी काही विचारत नाही. या प्रकरणात असं एकदा नव्हे, तीनदा घडलं. ओळख पटू नये म्हणून वय, कुटुंब आणि इतर काही तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम आणि निर्णयांमागची कारणं बदललेली नाहीत. या उपचारात मी मानसशास्त्रज्ञ म्हणून सहभागी होते. औषधांचे निर्णय मानसोपचारतज्ज्ञ आणि फिजिशियन यांचे होते.

पार्श्वभूमी

त्या ६८ वर्षांच्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. विद्यार्थी आणि शेजारी त्यांना बाई म्हणत, म्हणून इथेही तेच म्हणते. बारा वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू होतं आणि रक्तदाबासाठी थायाझाइड गटातली, लघवी वाढवणारी गोळी. दोन्ही कानांनी कमी ऐकू यायचं, त्यासाठी यंत्र होतं.

आमच्याकडे येण्याच्या चौदा महिने आधी त्यांचे पती वारले. त्यानंतरचं जवळजवळ वर्ष बाईंनी चांगलं निभावलं होतं. बँकेची, पेन्शनची कागदपत्रं स्वतः पूर्ण केली. रडायच्या, पतीच्या आठवणी सांगायच्या, मध्येच हसायच्याही. मग मुलाने आग्रह केला म्हणून त्या त्याच्याकडे राहायला गेल्या आणि स्वतःचं घर विकायचं ठरलं.

स्थलांतरानंतर काही आठवड्यांतच फरक दिसू लागला. पहाटे साडेतीनला जाग यायची आणि पुन्हा डोळा लागायचा नाही. सकाळ सगळ्यात वाईट जायची, संध्याकाळी थोडं बोलायच्या. गॅस चालू राहायचा, औषध घेतलं की नाही ते आठवायचं नाही, सुट्ट्या पैशांचा हिशेब चुकायचा. चार महिन्यांत वजन ५६ किलोवरून ४९ वर आलं. ऐकण्याचं यंत्र ड्रॉवरमध्ये पडून होतं.

जवळच्या डॉक्टरांनी झोपेसाठी अल्प्राझोलाम दिलं. झोप थोडी वाढली, पण तोल जायला लागला आणि विसरणंही वाढलं. पुढे एका ठिकाणी स्मरणशक्तीची ३० गुणांची चाचणी झाली, त्यात १९ गुण मिळाले. ‘स्मृतिभ्रंशाची सुरुवात दिसते’ असं सांगून त्याची गोळी सुचवली गेली. मुलाने ते मान्य केलं. मुलीला मात्र ते पटेना. तिच्या मते हे बाबांचं दुःख होतं आणि दुःखावर गोळ्या कशाला? दोघं भावंडं एकाच भेटीला आली होती, पण आपापलं निदान सोबत घेऊनच.

पहिला निर्णय: स्मृती की मन?

स्मृतिभ्रंशासारखं दिसणारं नैराश्य ही गोष्ट मानसोपचारशास्त्रात जुनी आहे. १९६१ साली लेस्ली किलो यांनी त्यावर सविस्तर लिहिलं होतं. काही खुणा मदत करतात. स्मृतिभ्रंश बहुधा इतका हळू येतो की कधी सुरू झाला ते घरच्यांना नेमकं सांगता येत नाही. नैराश्यात ‘अमुक महिन्यापासून’ असं सांगता येतं. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण अनेकदा ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो आणि चुकीचं का होईना, उत्तर देतो. नैराश्यातला माणूस स्वतःच्या विसरण्याची स्वतःच तक्रार करतो आणि प्रश्न संपायच्या आत ‘माहीत नाही’ म्हणून हात टेकतो. यातली कुठलीही खूण एकटी पुरेशी नसते आणि दोन्ही आजार एकत्रही असू शकतात.

सगळ्यात आधी मी बाईंना यंत्र लावायला सांगितलं. आधीची चाचणी यंत्राशिवाय झाली होती. जे शब्द नीट ऐकूच आले नाहीत ते लक्षात राहणार कसे? यंत्र लावून गुण २३ आले. म्हणजे चार गुणांचा फरक नुसत्या ऐकण्याचा. थोडा फरक चाचणी दुसऱ्यांदा दिल्यामुळेही असेल, पण मोठा वाटा कानांचा होता.

मग दहा शब्दांची यादी वाचून दाखवली. वीस मिनिटांनी विचारल्यावर दोनच शब्द आठवले. पण आधीचे शब्द नव्या शब्दांत मिसळून दाखवल्यावर त्यांनी दहापैकी नऊ अचूक ओळखले. म्हणजे शब्द आत साठले होते, शोधून बाहेर काढणं जमत नव्हतं. अल्झायमरमध्ये साठवणंच बिघडतं, तिथे असा इशारा देऊन सहसा एवढा फायदा होत नाही. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं तेव्हा त्या ९३, ८६ म्हणाल्या आणि थांबल्या. ‘मला गणित कधी येतच नव्हतं,’ असं पुटपुटल्या, ‘मुलांना फसवलं मी.’ या वाक्याकडे पुढे परत यावं लागलं.

ज्येष्ठांसाठीच्या नैराश्य-प्रश्नावलीत त्यांना १५ पैकी १३ गुण आले. या प्रश्नावलीत झोप, भूक, थकवा यांचे प्रश्न मुद्दाम फारसे ठेवलेले नाहीत, कारण त्या वयात हे त्रास इतर आजारांमुळेही होतात. तरीही १३ गुण येणं बोलकं होतं. मात्र प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. निदान मुलाखतीवर आणि निकषांवर ठरतं: किमान दोन आठवडे, जवळजवळ दररोज, दिवसाचा बराचसा वेळ उदास मन किंवा कशातच रस न वाटणं, आणि सोबत झोप, भूक, शक्ती, एकाग्रता, हालचालींची गती, अपराधीपणा, मृत्यूचे विचार यांतली लक्षणं, एकूण नऊपैकी किमान पाच. बाईंमध्ये आठ होती.

मृत्यूच्या विचारांबद्दल सरळ विचारलं. हा प्रश्न विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही; उलट आत अडकलेलं बोलायला वाट मिळते. बाई म्हणाल्या, ‘झोपेत संपलं तर बरं.’ स्वतःहून काही करण्याचा बेत नव्हता. तरी औषधांचा डबा त्याच दिवशी मुलीकडे दिला आणि एकेका दिवसाच्या गोळ्या काढून द्यायचं ठरलं.

रक्ततपासणीत थायरॉइड ठीक होतं. सोडियम १३६, म्हणजे सामान्य पातळीच्या खालच्या काठावर. बी-१२ जीवनसत्त्व १४८ पिकोग्रॅम, स्पष्टपणे कमी. मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेतल्यावर बी-१२ चं शोषण घटतं आणि त्याची कमतरता मन आणि स्मृती दोन्हींवर परिणाम करते. मेंदूच्या एमआरआयमध्ये वयानुरूप आक्रसणं आणि रक्तदाबाच्या रुग्णांत दिसतात तसे पांढऱ्या भागातले काही ठिपके होते.

ठरलं ते असं: स्मृतिभ्रंशाचं निदान आत्ता करायचं नाही, नाकारायचंही नाही. आधी नैराश्यावर उपचार, बी-१२ ची इंजेक्शनं, अल्प्राझोलाम हळूहळू कमी करून बंद, आणि मन सावरल्यावर स्मृतीची पुन्हा चाचणी. मुलाला हे टाळाटाळ वाटली. त्याला समजावलं की स्मृतिभ्रंशाची गोळी काही महिने उशिरा सुरू झाली तर नुकसान थोडं आहे, नैराश्याचे उपचार तेवढेच लांबले तर मात्र फार मोठं आहे.

दुसरा निर्णय: हे दुःख आहे की आजार?

मुलीचा प्रश्न जास्त कठीण होता, कारण तिच्या म्हणण्यात तथ्य होतं. दुःख हा आजार नाही. आधीच्या अमेरिकन निकषांमध्ये जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरचे पहिले दोन महिने नैराश्याच्या निदानातून बहुतांशी वगळलेले होते. २०१३ मध्ये ती सूट काढून टाकली गेली आणि त्यावर बराच वाद झाला. सूट काढणाऱ्यांचं म्हणणं असं की वियोगामुळे आलेलं नैराश्य घटस्फोटामुळे किंवा नोकरी गेल्यामुळे आलेल्या नैराश्यापेक्षा वेगळं वागत नाही. मला हे पटतं. पण त्याचबरोबर साध्या दुःखाला आजार ठरवण्याचा धोकाही खरा आहे, म्हणून इथे ताळा करून बघावा लागतो.

वियोगाचं दुःख लाटांसारखं येतं. फोटो दिसला, तारीख आली की उसळतं, मधल्या वेळात माणूस जेवतो, बोलतो, हसतोही. त्यात ओढ गेलेल्या माणसाची असते आणि स्वतःबद्दलचा आदर शाबूत राहतो. बाईंचं पहिलं वर्ष नेमकं असं होतं. आताचं वेगळं होतं. उदासी सलग होती. पतीचा विषय काढला तरी डोळ्यांत पाणी यायचं नाही. बोलण्यात सारखं यायचं ते स्वतःचं नालायक असणं. पतीच्या आठवणीने त्या व्याकूळ होत असत्या, तर दीर्घकाळ लांबलेल्या शोकाचा विचार केला असता, त्यासाठीची बोलण्याची उपचारपद्धत वेगळी आहे.

खरी माहिती मिळाली ती बाईंच्या थोरल्या बहिणीकडून. मुलीने मावशीला फोन केला तेव्हा मावशी सहज म्हणाली, ‘तुझ्या वेळी बाळंतपणानंतरही ती अशीच झाली होती. पाच-सहा महिने बोलायची नाही, बाळाला घ्यायची नाही. तेव्हा म्हणाले अशक्तपणा आहे.’ आणि पुढे, ‘आईसुद्धा शेवटी तशीच गप्प झाली होती.’ मुलांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

या दोन वाक्यांनी चित्र बदललं. हा पहिला झटका नव्हता. मोठ्या नैराश्यात आनुवंशिकतेचा वाटा जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून साधारण ३७ टक्के मानला जातो. म्हणजे वारसा असतो, पण तो विधिलिखित नसतो. आधी एकदा झालेलं असणं आणि आईला असण्याची शक्यता ही जमीन झाली. पतीचा मृत्यू, मनाविरुद्ध सुटलेलं घर, रोजच्या कामाचा अंत हे निमित्त झालं. आणि कमी झालेलं बी-१२, बंद पडलेले कान, झोपेची गोळी, मेंदूतल्या लहान रक्तवाहिन्यांची झीज यांनी ते टिकवून धरलं. ‘मेंदूत सेरोटोनिन कमी झालं’ एवढ्या एका वाक्यात हे मावत नाही, आणि ते वाक्य तसंही पुराव्यांवर टिकलेलं नाही. औषधं सेरोटोनिनवर काम करतात हे खरं, पण म्हणून आजाराचं मूळ सेरोटोनिनच्या तुटवड्यात आहे असं ठरत नाही. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, म्हणून ताप पॅरासिटामॉल कमी पडल्याने आला असं कोणी म्हणत नाही.

मुलीला मी इतकंच म्हटलं की, बाबांमुळे झालं असेल तरी उपचार लागणारच. पाय घसरून पडण्याचं कारण कितीही समजलं, तरी मोडलेलं हाड बसवावं लागतं.

घर विकण्याचा व्यवहार त्याच आठवड्यात थांबवायला सांगितला. नैराश्यात असताना मोठे निर्णय घेऊ नयेत, आणि इथे तर बाईंना कोणी नीट विचारलंही नव्हतं.

तिसरा निर्णय: कोणतं औषध?

दोन पर्याय होते. एस्सिटालोप्राम हे ज्येष्ठांसाठी बहुतेकदा पहिलं निवडलं जाणारं औषध, इतर औषधांशी तुलनेने कमी भांडणारं. ६५ वर्षांवरील रुग्णांत साधारण १० मिलिग्रॅमच्या पुढे जात नाहीत आणि आधी ईसीजी पाहतात. दुसरा पर्याय मिर्टाझापिन, ज्याने झोप आणि भूक वाढते. मधुमेह असल्यामुळे वजन वाढण्याची काळजी होती, म्हणून एस्सिटालोप्राम निवडलं गेलं. एक आठवडा ५ मिलिग्रॅम, मग १०. सोडियमची तपासणी दोन आठवड्यांनी ठरली.

बाराव्या दिवशी मळमळ आणि डोकेदुखी सुरू झाली. संध्याकाळी बाईंना आपण कुठे आहोत हे कळेना. रात्री त्या बाथरूममध्ये पडल्या. मुलगा म्हणाला, ‘बघा, मी म्हणत होतो. स्मृतिभ्रंश वाढला.’ सकाळपर्यंत थांबायचं असं घरात जवळजवळ ठरलं होतं. मुलीने फोन केला आणि मानसोपचारतज्ज्ञांनी तिथल्या तिथे इमर्जन्सीत न्यायला सांगितलं. सोडियम १२१ निघालं.

एस्सिटालोप्रामच्या गटातल्या औषधांमुळे शरीर पाणी धरून ठेवतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. जास्त वय, स्त्री असणं, कमी वजन आणि सोबत थायाझाइडची गोळी या चारही गोष्टी धोका वाढवतात, आणि बाईंमध्ये चारही होत्या. हे घडतं ते बहुतेकदा पहिल्या दोन ते चार आठवड्यांत. दोन्ही गोळ्या बंद केल्या, पाणी मोजून दिलं. सोडियम भराभर वर आणलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून २४ तासांत ८ ते १० पेक्षा जास्त वाढ होणार नाही याकडे लक्ष ठेवून ते सावकाश वर आणलं. पाचव्या दिवशी १३३ झालं. गोंधळ गेला. रक्तदाबासाठी वेगळ्या गटातली गोळी सुरू झाली.

कुठलाही गोंधळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत वाढला, तर तो स्मृतिभ्रंशाचा पुढचा टप्पा नसतो. संसर्ग, सोडियम, साखर, औषध, डोक्याला मार यांपैकी काहीतरी शोधावंच लागतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात घरच्यांनी लक्षात ठेवावी अशी एकच गोष्ट निवडायची झाली तर ती ही.

चौथा निर्णय: ईसीटी

मिर्टाझापिन ७.५ मिलिग्रॅमने सुरू झालं, मग १५. झोप सुधारली. पण तिसऱ्या आठवड्यात बाईंनी जेवण जवळजवळ सोडलं. ‘माझ्यावर खर्च करू नका, ती चोरी आहे,’ म्हणायच्या. हळूहळू उलगडलं ते असं: अनेक वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याला आपण मुद्दाम नापास केलं, त्याचं आयुष्य उद्ध्वस्त झालं आणि आता चौकशी येणार आहे, असं त्यांना वाटत होतं. मुलाने धडपड करून तो विद्यार्थी शोधला, फोन लावला. तो म्हणाला, ‘बाई, मी तर पास झालो होतो, प्रथम श्रेणीत.’ बाईंनी फोन खाली ठेवला आणि मुलाला म्हणाल्या, ‘तुम्ही त्याला पढवून ठेवलंय.’

पुराव्याने न हलणारी अशी समजूत म्हणजे भ्रम, आणि नैराश्यासोबत भ्रम असतील तर तो वेगळा, अधिक गंभीर प्रकार असतो. त्यात नुसतं नैराश्यविरोधी औषध सहसा पुरत नाही. वजन ४४ किलोवर आलं होतं, पाणी पिणंही घटलं होतं.

पर्याय असे होते. मिर्टाझापिन वाढवून सोबत भ्रमावरचं औषध द्यायचं. नैराश्यावरचं सर्ट्रालिन आणि भ्रमावरचं ओलान्झापिन एकत्र दिल्यास एकट्या ओलान्झापिनपेक्षा जास्त उपयोग होतो हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं, पण सर्ट्रालिन त्याच सोडियम पाडणाऱ्या गटातलं आणि ओलान्झापिन साखर वाढवणारं. शिवाय औषधांना आठवडे लागणार होते, आणि न जेवणाऱ्या ४४ किलोच्या रुग्णाकडे तेवढे आठवडे नव्हते. दुसरा पर्याय ईसीटी, म्हणजे लोक ज्याला शॉक ट्रीटमेंट म्हणतात ते.

मुलाचा विरोध तीव्र होता. ‘आधीच स्मरणशक्ती गेलीय आणि तुम्ही शॉक देणार?’ हा प्रश्न रास्त होता आणि त्याला ‘काही होत नाही’ असं उत्तर देणं अप्रामाणिक ठरलं असतं. मानसोपचारतज्ज्ञांनी सगळं मांडलं. १९३८ मध्ये ही पद्धत प्रथम वापरली गेली तेव्हा भूल न देता देत. लोकांच्या मनातली भीती त्या काळातून आलेली आहे. आज थोड्या वेळाची भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन, मेंदूत साधारण एक मिनिटापर्यंतची आकडी आणली जाते. त्या काळातल्या आणि काही वेळा त्याआधीच्या काही महिन्यांतल्या आठवणी पुसल्या जाऊ शकतात, त्यातल्या काही परत येत नाहीत. नवीन गोष्टी लक्षात ठेवण्याची क्षमता मात्र बहुतेकांत काही आठवड्यांत पूर्ववत होते, आणि नैराश्यामुळे बिघडलेली स्मृती सुधारतेही. भ्रम असलेल्या वृद्ध रुग्णांत हा उपचार सर्वाधिक परिणामकारक ठरतो.

संमतीचे कायदे देशागणिक वेगळे आहेत. त्यांची पूर्तता केलीच. पण त्याखेरीज बाईंना स्वतःला विचारलं गेलं, आणि ते मुद्दाम संध्याकाळी, जेव्हा त्यांचं मन थोडं मोकळं असायचं तेव्हा. त्या म्हणाल्या, ‘करा काय ते. मी सुटणार नाही, पण मुलं दमलीत.’ याला उत्साहाची संमती म्हणता येणार नाही. म्हणून प्रत्येक वेळी पुन्हा विचारायचं ठरलं.

अल्प्राझोलाम तोवर पूर्ण बंद झालं होतं, ते एक बरं झालं. त्या गटातली औषधं आकडी येऊ देत नाहीत. सोडियम पक्कं झाल्याची खात्री केली, हृदयाची तपासणी केली. स्मृतीवर कमी परिणाम व्हावा म्हणून फक्त उजव्या बाजूने, आठवड्यातून दोनदा द्यायचं ठरलं.

तिसऱ्या वेळेनंतर त्या स्वतः मागून पाणी प्यायल्या. चौथ्यानंतर यंत्र मागितलं. सहाव्यानंतर मुलाला म्हणाल्या, ‘त्या मुलाचं माझ्या डोक्यात कुठून आलं होतं रे?’ एकूण आठ वेळा उपचार झाला.

पाचवा निर्णय: बरं झाल्यावर काय?

ईसीटीने बरं वाटलं म्हणून तिथेच थांबणं धोक्याचं असतं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ईसीटीनंतर सहा महिन्यांत नैराश्य परत येण्याचं प्रमाण निव्वळ दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ८४ टक्के होतं, नॉरट्रिप्टिलिन हे नैराश्यविरोधी औषध घेणाऱ्यांत ६० आणि सोबत लिथियम घेणाऱ्यांत ३९. लिथियमचा विचार झाला. पण बाईंची मूत्रपिंडं थोडी मंदावलेली होती आणि सोडियमची ताजी कहाणी होती, म्हणून ते राखीव ठेवलं. मिर्टाझापिन ३० मिलिग्रॅमवर नेलं आणि पुढे अंतर वाढवत आणखी चार वेळा ईसीटी दिलं.

माझं काम इथे सुरू झालं. बारा बैठका झाल्या. नैराश्यात माणूस मन होण्याची वाट पाहत बसतो आणि मन होत नाही. म्हणून कृती आधी, मन मागून. घड्याळात सहा वाजले की चालायला जायचं, इच्छा असो वा नसो. बाईंना तक्ता भरणं आवडलं, त्यात त्या स्वतः टक्केवारी काढायच्या. मुलाला वाटत होतं त्यांनी नातवंडांना गणित शिकवावं. बाईंनी स्पष्ट नकार दिला, ‘चाळीस वर्षं शिकवलं, आता नाही.’ मला हा नकार फार आशादायक वाटला. त्यांनी रोज बहिणीशी बोलायचं निवडलं आणि आठवड्यातून एकदा वाचनालय.

घराचा विषय चौथ्या महिन्यात त्यांनीच काढला. सगळे आकडे मांडून बघितले आणि विकायचं ठरवलं. आधीच्याच निर्णयावर त्या आल्या होत्या, पण आता तो त्यांचा होता.

परिणाम

तीन महिन्यांनी नैराश्याच्या प्रश्नावलीत गुण १३ वरून ३ वर आले. वजन ५२. स्मृतीच्या चाचणीत २८. दहापैकी सात शब्द न सांगता आठवले. रुग्णालयातले आठवडे आणि त्याआधीचा काही काळ त्यांना आठवत नाही. मुलीने एका वहीत तो काळ लिहून ठेवला आहे. बाईंनी ती अर्धी वाचली आणि बाकीची नंतर वाचेन म्हणाल्या.

वर्षानंतर स्मृतीचे गुण २७ होते आणि शब्द सहा आठवले. हा फरक चाचणीच्या चढउतारात बसतो. तरी विषय संपलेला नाही. उतारवयातल्या नैराश्यात स्मृती बिघडून उपचारांनी सुधारली, तरी अशा रुग्णांत पुढे स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. मुलाला हे स्पष्ट सांगितलं आहे. त्याची शंका निराधार नव्हती. ती फक्त अवेळी होती. दरवर्षी चाचणी होणार आहे, आणि ऐकण्याचं यंत्र, रक्तदाब, साखर सांभाळणं हा त्या काळजीचाच भाग आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वात मोठा मुद्दा औषधाच्या निवडीचा. थायाझाइडची गोळी आधी बदलून मग एस्सिटालोप्राम सुरू करता आलं असतं, किंवा सोडियम आठव्या दिवशीच तपासता आलं असतं. त्याहून सरळ म्हणजे सात किलो वजन घटलेल्या, पहाटे साडेतीनला उठणाऱ्या रुग्णासाठी मिर्टाझापिनच आधी निवडणं. वजन वाढण्याची भीती मधुमेहाच्या दृष्टीने बरोबर असली, तरी समोरचं वजन खाली चाललेलं होतं. नुसती यादी पाहिली तर एक उत्तर येतं, माणूस पाहिला तर दुसरं.

भ्रमाचा धागा पहिल्याच भेटीत दिसला होता. ‘मुलांना फसवलं मी’ हे वाक्य स्वतःला कमी लेखणं म्हणून नोंदलं गेलं. ‘कोणाला? कसं? त्याचं पुढे काय होईल असं वाटतं?’ एवढं विचारलं असतं तर कदाचित गंभीर प्रकाराची कल्पना काही आठवडे आधी आली असती आणि ईसीटीची चर्चा इतक्या घाईत, इतक्या कमी वजनावर करावी लागली नसती. तेव्हा ती समजूत पक्की झाली होती की नाही, हे आज सांगता येणार नाही. पण नैराश्यातल्या अपराधीपणाला नेहमी तपशील विचारावा, हे मी आता ठामपणे म्हणते.

मावशीला फोन तिसऱ्या भेटीनंतर झाला. मागचा इतिहास मुलांना माहीत नसतो. तो भावंडांकडे, जुन्या मैत्रिणींकडे असतो. तो पहिल्या आठवड्यात मिळाला असता तर दुःख की आजार यावरची चर्चा निम्म्याने कमी झाली असती.

आणि भावंडांमधला वाद. त्यात बराच काळ गेला, पण तो मिटवायची घाई करणं मला चुकीचं वाटतं. मुलाच्या आग्रहामुळे एमआरआय आणि स्मृतीच्या चाचण्या काटेकोर झाल्या, आणि मुलगी अस्वस्थ होती म्हणून ती रात्र घरात गेली नाही.

सध्या बाईंना औषध बंद करायचं आहे. वर्ष झालं, बरं वाटतं, आणखी किती? आधी एक झटका येऊन गेलेला, हा भ्रमांसह आलेला, वय ६९. मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला किमान दोन वर्षांचा आहे, त्यानंतर काही महिन्यांत हळूहळू कमी करत बघायचं. बाईंनी दोन्ही बाजू एका कागदावर मांडल्या, पहिल्या सहा महिन्यांतल्या धोक्याचे आकडे पुन्हा विचारून घेतले आणि दोन वर्षं मान्य केली. त्यानंतरचा निर्णय त्या वेळचे गुण पाहून त्या स्वतः घेणार आहेत, असं त्यांनी फाइलमध्ये लिहून घ्यायला लावलं.